एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, पॅपमधे एलएसआयएल, आता कॉल्पोस्कोपी सांगितलीय. कोणी यातून गेलंय का?

अबोली_३७

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस इथे वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच. वय ३७, दोन मुलं, मोठी मुलगी १० वर्षांची. मला त्रास म्हणाल तर काहीच नव्हता, पाळी वेळेवर, अंगावरून पांढरं जाणं वगैरे नाही, संबंधानंतर रक्त कधी दिसलं नाही, चेकअपमधे होतं म्हणून पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (तिथल्या व्हायरसची टेस्ट) दोन्ही केलं आणि रिपोर्ट बघून पायाखालची जमीनच सरकली. त्यात लिहिलंय हाय रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड, टाईप १६, आणि खाली एलएसआयएल, म्हणजे पेशींत सौम्य बदल. डॉक्टर म्हणाल्या कॅन्सर नाहीये, कॉल्पोस्कोपी करून घेऊ, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून बघू, गरज वाटली तर तुकडा काढून तपासायला पाठवू. बाहेर पेशंटची रांग होती, माझ्या तोंडातून त्यावेळी एक प्रश्न निघेना आणि आता रात्री झोप लागत नाही इतके प्रश्न आहेत.

कॅन्सर नाही तर मग हे नक्की आहे काय, पुढे होणारच आहे असं धरून चालायचं का. कॉल्पोस्कोपी दुखते का, भूल देतात का. आणि हा व्हायरस आला कुठून, लग्नाला १३ वर्षं झालीयेत, विचारताना पण कसंतरी होतंय पण विचारतेच. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या मुलं झालीयेत ना, पिशवीच काढून टाक आणि मोकळी हो, आणि खरं सांगते, घाबरलेलं असताना ते पटायला लागतं. लस आता घेतली तर हे जाईल का? ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, नेटवर वाचून वाचून हातपाय गळलेत.

स्लाईडवाली

अबोली, मी लॅबमधे सायटॉलॉजीच्या स्लाईड बघते, रोजचं कामच हे, त्यामुळे रिपोर्टमधले शब्द आमच्या बाजूने काय असतात तेवढं सांगते, उपचारांचं डॉक्टर सांगतीलच.

पॅपमधे आमच्याकडे ब्रशने खरवडून आलेल्या सुट्ट्या पेशी येतात, अख्खा तुकडा नाही. त्यात एलएसआयएल लिहितो तेव्हा मायक्रोस्कोपखाली दिसतं ते असं: पेशीच्या मधलं केंद्रक नेहमीपेक्षा तिप्पट किंवा त्याहून मोठं झालेलं, रंग गडद, कडा सुरकुतलेल्या, अगदी मनुक्यासारख्या, आणि त्याच्याभोवती रिकामी पांढरी जागा, तिची किनार इतकी ठळक की एकदा ओळखायला शिकलं की नजर चुकत नाही. अशी पेशी दिसली म्हणजे व्हायरस तिथे सध्या कामाला लागलाय, स्वतःच्या प्रती काढतोय. यातल्या बऱ्याच लागणी शरीर स्वतःच परतवून लावतं. एचएसआयएल, म्हणजे जास्त गंभीर बदल, दिसायला वेगळं असतं, पेशी छोट्या आणि केंद्रकाने जवळजवळ सगळी जागा व्यापलेली, ते दिसलं की आम्ही रिपोर्ट थांबवून ठेवत नाही, लगेच फोन करतो. ह्या दोघांच्या अलीकडे एएससी-यूएस असतं, म्हणजे बदल आहे पण इतका किरकोळ की नाव देता येत नाही. आणि एएससी-एच म्हणजे पुरेसा पुरावा नाही पण एचएसआयएलची शंका आहे, हे वाचायला साधं वाटतं पण त्याला कॉल्पोस्कोपी लागतेच, हे मुद्दाम लिहिते कारण कोणीतरी नंतर हा धागा शोधत येईल.

आता तुझ्या रिपोर्टमधली जास्त महत्त्वाची ओळ कुठली विचारशील तर माझ्या मते टाईप १६ ची. एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले साधारण १४ हाय रिस्क धरतात आणि त्यातही १६ आणि १८ हे दोघं मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमधे सापडतात. म्हणून १६ आला की पॅप अगदी नॉर्मल आली असती तरी कॉल्पोस्कोपी सांगितली असती. तुझ्या डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलंय, तू पॅप खराब आली म्हणून घाबरली असशील तर तेवढं मनातून काढ.

व्हायरस करतो काय तर गर्भाशयाच्या तोंडाशी दोन प्रकारचं अस्तर एकमेकांना भेटतं, तिथल्या पेशी सतत बदलत असतात, त्या पट्ट्याला ट्रान्सफॉर्मेशन झोन म्हणतात. बारीकशा ओरखड्यातून व्हायरस तिथे सगळ्यात खालच्या थरात शिरतो. हाय रिस्क प्रकारांत ई६ आणि ई७ अशी दोन प्रथिनं असतात, ई६ पेशीतल्या पी५३ ला निकामी करतं आणि ई७ आरबीला, आणि हे दोघंच पेशीला थांब, वाढू नकोस, बिघडली असशील तर मर असं सांगणारे. ते गेले की पेशी बिघाड घेऊनच वाढत राहते. पण एका रात्रीत काही होत नाही गं, प्रतिकारशक्ती चांगली असेल तर लागण होऊन कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मधे टाईप १६ वेगळा करून दाखवला, पुढच्या वर्षी १८, आणि २००८ मधे त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधामुळेच आज तुझा रिपोर्ट नुसतं एचपीव्ही न म्हणता १६ म्हणतोय.

सुट्ट्या पेशींवरून किती खोल बदल आहे ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुकड्यावरूनच कळतं, म्हणून कॉल्पोस्कोपी.

रानजाई

अबोली मी यातून गेलेय, वय तेव्हा ४१, माझं सीआयएन ३ (कॅन्सरच्या आधीचा बदल, १ ते ३ मधला सगळ्यात वरचा ग्रेड) निघालं होतं आणि लीप झालं, म्हणजे तारेच्या लूपने तो भाग काढला. आज ठीक आहे. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

कॉल्पोस्कोपीला भूल नसते, लागत पण नाही. पॅपला झोपतो तसंच झोपायचं, तोच स्पेक्युलम (योनी उघडी ठेवायचं साधन), फरक इतकाच की ह्यावेळी तो बराच वेळ आत राहतो आणि डॉक्टर बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघतात, यंत्र आत जात नाही. मग कापसाच्या बोळ्याने अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, ३ ते ५ टक्क्यांचं, थोडं चुरचुरतं आणि वास येतो, मिनिटभर थांबायचं आणि ज्या भागात बदल आहे तो पांढरा पडतो. मला समोरच्या स्क्रीनवर दाखवलं होतं, गुलाबी गोल आणि वरच्या बाजूला १२ वाजण्याच्या जागी जाड पांढरा चट्टा, कडा सरळ कापल्यासारख्या. त्यानंतर आयोडीन लावलं, निरोगी भाग काळपट तपकिरी झाला आणि तो चट्टा तेवढा पिवळाच राहिला, कारण बदललेल्या पेशींत ग्लायकोजेन नसतं म्हणून आयोडीन धरत नाही. बघवत नसेल तर बघू नकोस, पण मला बघून बरं वाटलं, तोपर्यंत डोक्यात काय काय भयंकर होतं आणि समोर दिसला तो नखाएवढा पांढरा डाग.

तुकडा घेताना चिमटा बसतो, डॉक्टर म्हणतात खोका आणि खोकलीस की तेवढ्यात झालेलं असतं. माझे दोन ठिकाणचे घेतले आणि गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतून थोडं खरवडलं, ते खरवडणं मात्र पाळीच्या कळेसारखं दुखलं, खोटं कशाला सांगू. रक्त थांबायला एक पेस्ट लावतात त्यामुळे पुढचे काही दिवस काळपट चुरा चुरा जातो, त्याला घाबरू नकोस, मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी रात्री बाथरूममधे बसून रडले होते.

तयारी काय तर पाळी जोरात असेल तर तारीख बदलून घे, आधीचे दोन दिवस संबंध नको, आत गोळी किंवा क्रीम ठेवत असशील तर ते पण नको. प्रेग्नंट असण्याची शंका असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांग. तासभर आधी पेनकिलर घेऊ का असं विचारून घे. सॅनिटरी पॅड बरोबर ठेव आणि कोणीतरी सोबत ने, दुखतं म्हणून नाही तर बाहेर आल्यावर एकटं वाटतं म्हणून.

आणि रिपोर्टची कॉपी घरी ठेव, नुसतं सगळं ठीक आहे असं तोंडी ऐकून येऊ नकोस. ट्रान्सफॉर्मेशन झोन पूर्ण दिसला का, तो कुठल्या टाईपचा, तुकडे कुठून घेतले, हे कागदावर असायला हवं. पुढे डॉक्टर बदलले तर सगळं त्याच्यावर चालतं.

पाऊलवाट

पुरुष आहे, लिहू की नको असा विचार करत होतो, पण तो व्हायरस आला कुठून हा प्रश्न आमच्याही घरात आला होता म्हणून लिहितो.

बायकोचा रिपोर्ट आला तेव्हा पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांशी नीट बोललोच नाही, तिला वाटत होतं मी काहीतरी विचारतोय आणि मला वाटत होतं ती काहीतरी विचारतेय. शेवटी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सरळ सांगितलं की लागण कधी झाली हे कुठल्याही टेस्टवरून कळत नाही. व्हायरस वर्षानुवर्षं इतका कमी प्रमाणात राहू शकतो की टेस्टमधे सापडत नाही आणि मग कधीतरी पुन्हा डोकं वर काढतो. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतोच आणि बहुतेकांना कळतही नाही. त्यामुळे अबोलीताई, १३ वर्षांच्या लग्नात आज पॉझिटिव्ह येणं ह्याच्यावरून कोणाच्याही वागण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, ना तुमच्या ना तुमच्या मिस्टरांच्या. हा रिपोर्ट पुरावा म्हणून कोणी वापरत असेल तर तो अन्याय आहे, हे मी फार मनापासून लिहितोय कारण ह्यावरून संसार मोडताना बघितलेत.

पुरुषांसाठी अशी नेहमीची स्क्रीनिंग टेस्ट नाहीये, मी पण टेस्ट करू का विचारलं होतं तर नाही म्हणाले. कंडोमने शक्यता कमी होते पण पूर्ण जात नाही कारण हा कातडीच्या स्पर्शातून पसरतो. एक गोष्ट मात्र नवऱ्याच्या हातात असते, सिगारेट. तंबाखूच्या धुरातली द्रव्यं गर्भाशयमुखाच्या स्रावात सापडतात आणि ओढणाऱ्या बाईत व्हायरस जास्त टिकतो. बायको ओढत नव्हती, मी ओढायचो, घरात धूर नको म्हणून बंद केली.

सगळं_आपोआप

एवढं टेन्शन घ्यायची गरज नाही, माझ्या वहिनीचं असंच आलं होतं, काहीही केलं नाही आणि वर्षाने निगेटिव्ह. शरीर स्वतः बरं करतं, ह्या कॉल्पोस्कोपी बिल्पोस्कोपीच्या मागे लागू नकोस, एक वर्ष थांब.

स्त्रीरोग_ओपीडी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे मी कोणाचं निदान करू शकत नाही, पण वरच्या उत्तराला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

वहिनींचं गेलं ह्याचा आनंदच आहे, आणि ते शक्यही आहे, १० पैकी ९ लागणी दोन वर्षांत शरीर स्वतः संपवतं. प्रश्न उरलेल्या दहाव्या बाईचा आहे, आणि ती कोण हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही. आम्ही पण कित्येक पेशंटना थांबा म्हणतो, पण ते थांबणं कॉल्पोस्कोपी करून, काय आहे ते बघून, पुढची तारीख हातात देऊन असतं. न बघता थांबायचं म्हणजे आत सीआयएन १ आहे का ३ हेच माहीत नसताना थांबायचं.

हे आकडे लक्षात ठेवा. सीआयएन १ म्हणजे अस्तराच्या खालच्या एक तृतीयांश भागात बदल, हा बहुतांशी आपोआप जातो आणि आम्ही त्याला सहसा हात लावत नाही, फक्त लक्ष ठेवतो. सीआयएन २ मधे दोन वर्षांत साधारण निम्म्या जणींचा बदल मागे फिरतो, एक तृतीयांशांचा तसाच राहतो आणि साधारण पाचातल्या एकीचा पुढे सरकतो. सीआयएन ३ मधे जवळजवळ पूर्ण जाडी बदललेली असते आणि इथे वाट बघायची नसते. हे आम्हाला इतकं ठामपणे का सांगता येतं तर न्यूझीलंडमधे १९६० आणि ७० च्या दशकात सीआयएन ३ असलेल्या काही बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहिले होते, त्यांना नीट सांगितलंही नव्हतं. नंतर त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ज्यांना पुरेसे उपचार मिळाले नाहीत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्क्यांना ३० वर्षांत कॅन्सर झालेला निघाला आणि ज्यांना नीट उपचार मिळाले त्यांच्यात ते प्रमाण १ टक्क्याच्याही खाली होतं. त्या बायकांनी जी किंमत मोजली त्यातून आपल्याला ही माहिती मिळालीय. म्हणून कोणी सहज एक वर्ष थांब म्हटलं की मला त्या आठवतात.

अबोली, आता तुमचे प्रश्न. पिशवी काढायची का? तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधी तर अजिबात नाही. जाऊबाई काळजीपोटीच म्हणाल्या असतील, पण कॅन्सरच्या आधीच्या बदलांसाठी पिशवी काढणं हा पहिला उपाय नाहीच, ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि बदल असतो गर्भाशयमुखाच्या काही मिलीमीटर भागात. त्याहून मोठा धोका असा की आत लपलेला कॅन्सर असेल आणि तुकडा न तपासता साधी पिशवी काढली तर ते ऑपरेशन त्या कॅन्सरसाठी अपुरं पडतं आणि पुढचे उपचार अवघड होऊन बसतात, अशा बायका आमच्याकडे येतात आणि फार वाईट वाटतं. शिवाय पिशवी काढली तरी योनीच्या वरच्या टोकाला हे बदल येऊ शकतात, तपासण्या सुटत नाहीतच.

लस घेतल्याने आत्ताची लागण जाणार नाही, झालेला बदलही जाणार नाही. ज्या प्रकारांची लागण अजून झालेली नाही त्यांच्यापासून संरक्षण मिळू शकतं, घ्यायची का ते तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण उपचार म्हणून तिच्यावर विसंबू नका. मुलगी १० वर्षांची आहे म्हणालात, तिच्यासाठी मात्र हीच वेळ. जागतिक आरोग्य संघटना ९ ते १४ वयाच्या मुलींना आधी द्या म्हणते, आणि २०२२ पासून २० वर्षांपर्यंत एक किंवा दोन डोस चालतात असं सांगते.

उपचार लागलेच तर दोन वाटा असतात. एकीत बदललेला भाग जाळतात किंवा गोठवतात. थर्मल अ‍ॅब्लेशनमधे १०० अंशाचं टोक २० ते ३० सेकंद टेकवतात, बहुतेकदा पूर्ण भूलही लागत नाही. पण त्यासाठी सगळा चट्टा डोळ्यांना दिसायला हवा, आतल्या नळीत शिरलेला नको आणि कॅन्सरची शंका तर मुळीच नको, कारण जाळलेला भाग तपासायला पाठवता येत नाही. दुसऱ्या वाटेत तारेच्या लूपने तो भाग कापून काढतात, तेच लीप, काही ठिकाणी एलएलईटीझेड म्हणतात. त्यात निघालेला तुकडा लॅबला जातो आणि कडा मोकळ्या आहेत का ते कळतं. ग्रंथींच्या पेशींत बदल असेल किंवा आतपर्यंत गेला असेल तर सुरीने शंकूच्या आकाराचा भाग काढावा लागतो, ते ऑपरेशन थिएटरमधे.

चिमणी२६

ताई मधेच विचारते सॉरी, मी २६ ची आहे, मूल व्हायचंय अजून, माझा तुकड्याचा रिपोर्ट सीआयएन २ आलाय आणि एका डॉक्टरांनी लगेच लीप सांगितलं, दुसऱ्या म्हणाल्या थांबलं तरी चालेल. कोणाचं ऐकू? लीप केलं तर मूल राहत नाही असं कोणीतरी म्हणालं तेव्हापासून काही सुचत नाहीये.

स्त्रीरोग_ओपीडी

चिमणी, दोघीही चुकीचं सांगत नाहीयेत. लीपमुळे मूल राहत नाही हे खरं नाही, पण जितका खोल भाग काढला तितकी पुढे दिवस पूर्ण व्हायच्या आधी बाळंतपण होण्याची शक्यता थोडी वाढते, हे खरं आहे. म्हणून मूल हवं असलेल्या तरुण बाईत सीआयएन २ असेल, ट्रान्सफॉर्मेशन झोन पूर्ण दिसत असेल आणि आतल्या नळीत काही नसेल, तर दर ६ महिन्यांनी कॉल्पोस्कोपी आणि टेस्ट करत बघत राहता येतं. दोन वर्षं होऊनही तो गेला नाही, किंवा मधेच ३ झाला, तर मात्र काढायचा. हे फक्त तेव्हाच करायचं जेव्हा तुम्ही प्रत्येक तारखेला येणार याची तुम्हाला स्वतःला खात्री आहे. नोकरी बदलणार असाल, कुठे लांब जाणार असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर निर्णय बदलू शकतो. आणि मधे दिवस राहिले तर कॉल्पोस्कोपी गरोदरपणात सुरक्षित असते, उपचार मात्र बाळंतपणानंतरपर्यंत थांबवतात, कॅन्सरची शंका असेल तरच वेगळं.

पॅथॉलॉजिस्टना पी१६ चा स्टेन (बदल खरंच गंभीर आहे का ठरवायला मदत करणारी रंगाची तपासणी) केलाय का तेही विचारा, सीआयएन २ हा सगळ्यात मतभेदांचा ग्रेड आहे, एकाच स्लाईडला एकजण १ म्हणतो आणि दुसरा २.

स्लाईडवाली

ह्याला माझा पूर्ण दुजोरा. शंका असेल तर ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) आणि स्लाईड मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायचा पेशंटला अधिकार असतो, आम्हाला त्यात अपमान वाटत नाही, उलट बरं वाटतं.

नाव_नको

हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी एचआयव्हीसोबत जगते, गोळ्या नियमित आहेत, तब्येत चांगली आहे. आमच्यासारख्यांना हे बदल जास्त होतात आणि लवकर पुढे जातात, १५-२० वर्षांच्या जागी ५ ते १० धरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने बाकी बायकांना ३० व्या वर्षापासून ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही टेस्ट सांगितलीय तर आम्हाला २५ पासून ३ ते ५ वर्षांनी. अवयव बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी पण डॉक्टरांना आपणहून सांगावं, कधीकधी समोरून विचारलं जात नाही. आणि बऱ्याच ठिकाणी एचपीव्हीचा नमुना आता स्वतःच स्वतःचा घेता येतो, ज्यांना तपासणीच्या टेबलावर झोपायची लाज किंवा भीती वाटते त्यांनी विचारून बघा. मात्र पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी लागतेच.

अबोली_३७

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. कॉल्पोस्कोपी झाली, रानजाईने लिहिलं होतं अगदी तसंच, खोका म्हणाल्या आणि झालं, तो काळा चुरा पण आला आणि मी अजिबात घाबरले नाही. रिपोर्ट आलाय: सीआयएन ३, पी१६ पॉझिटिव्ह, ट्रान्सफॉर्मेशन झोन टाईप १, आतल्या नळीतलं निगेटिव्ह. डॉक्टरांनी लीप सांगितलंय, तारीख पण घेतली. मिस्टरांना मी पाऊलवाट यांचं उत्तर वाचायला दिलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले मी पण येतो तुझ्याबरोबर. मुलीच्या लसीचं पण बोललो.

आता दोनच प्रश्न, लीप झाल्यावर हे संपलं असं समजायचं का, आणि घरी आल्यावर काय काय होतं?

स्त्रीरोग_ओपीडी

टाईप १ म्हणजे झोन पूर्ण बाहेरच्या बाजूला आहे, सगळा दिसतोय, ही चांगली गोष्ट आहे, फार खोल जावं लागत नाही. बहुतेक बायकांना एकदाच लीप पुरतं. लॅब रिपोर्ट आल्यावर दोन गोष्टी बघा, कडा मोकळ्या आहेत का आणि आत कुठे कॅन्सर सापडला नाही ना. कडेला बदल राहिलेला असला म्हणजे लगेच दुसरं लीप असंही नसतं, पण तपासणी जास्त बारकाईने होते.

त्यानंतर ६ महिन्यांनी एचपीव्हीची टेस्ट, मग दर वर्षी, लागोपाठ तीन निगेटिव्ह आल्या की दर तीन वर्षांनी, आणि हे किमान २५ वर्षं. काही ठिकाणी पहिली टेस्ट १२ महिन्यांनी करतात, तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक असेल ते पाळा. २५ वर्षं वाचून दचकू नका, एवढ्यासाठी की उपचार झालेल्या बाईत धोका खूप खाली येतो पण कधीच काही न झालेल्या बाईइतका होत नाही. दोन-तीन वर्षं सगळं निगेटिव्ह आलं की बायका यायच्या बंद होतात, माझी सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच असते.

रानजाई

घरचं मी सांगते. लीपला गर्भाशयमुखात इंजेक्शन देऊन बधिर करतात, त्या इंजेक्शनने छाती धडधडते आणि पाय थरथरतात, मिनिटभरात जातं, औषधामुळेच होतं ते. एक चिकट पॅड मांडीला लावतात कारण लूपमधून करंट जातो. कापायचं काम अगदी थोड्या वेळाचं, जळका वास येतो, मशीनचा आवाज येतो, दुखत नाही. माझी तर डॉक्टर सतत माझ्याशी बोलत होती.

पहिले काही दिवस पाळीसारखं दुखतं, मग पाणी पाणी जातं, लालसर, काळपट, वास पण थोडा असतो. साधारण आठवडा-दहा दिवसांनी खपली पडते तेव्हा रक्त एकदम जास्त वाटू शकतं. तासाला एक पॅड भिजत असेल, ताप आला, घाण वास यायला लागला किंवा पोटात जोरात दुखलं तर वाट बघू नकोस, सरळ दवाखाना. सुमारे चार आठवडे संबंध नाही, टॅम्पोन किंवा कप नाही, पोहणं नाही, जड उचलणं टाळायचं. धाकट्याला कडेवर घेत असशील तर त्याला आधीच सांगून ठेव की आई बसून जवळ घेईल. पुढची पाळी जरा जास्त किंवा पुढेमागे होऊ शकते.

रिपोर्ट आला की टाक इथे.